दोन चमचे टोमॅटो पेस्ट: अमेरिकेतल्या शाळेच्या जेवणाचं एक प्रकरण

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेतली एक बातमी जगभर गेली: संसदेने पिझ्झाला भाजी ठरवलं. बातमी चटकदार होती, पण तंतोतंत खरी नव्हती. संसदेने मंजूर केलेल्या त्या तरतुदीत पिझ्झा हा शब्दच नाही. तिथे ‘टोमॅटो पेस्ट’ आणि ‘प्युरी’ हे शब्द आहेत आणि त्या कशा मोजायच्या याबद्दल एक अट आहे. मुलांच्या ताटाचे नियम कोण, कुठे आणि कसे वाकवतं हे समजून घ्यायचं असेल, तर पिझ्झा बाजूला ठेवून आधी ते माप बघायला हवं.

शाळेच्या जेवणाचा तिथला साधा हिशेब असा की भाजी जेवढी वाढली तेवढी धरायची. अर्धा कप गाजर म्हणजे अर्धा कप भाजी. टोमॅटो पेस्टला मात्र खास सवलत होती. पेस्ट आटवून केलेली असते, एकेका चमच्यामागे बरेच टोमॅटो गेलेले असतात, म्हणून ती ज्या टोमॅटोंपासून झाली त्यांच्या हिशेबाने मोजायची. एक मोठा चमचा पेस्ट म्हणजे पाव कप भाजी. दोन मोठे चमचे म्हणजे प्रत्यक्षात कपाचा आठवा भाग, पण कागदावर अर्धा कप. चौपट.

पिझ्झाच्या धंद्यात या चौपटीला फार किंमत आहे. शाळेच्या ताटात काय काय असायला हवं हे घटकांनी ठरतं: धान्य, प्रथिनं, भाजी, फळ, दूध. पिझ्झाचा पाव धान्यात जमा होतो आणि चीज प्रथिनात. वरचा सॉस भाजीत जमा झाला की एकाच गोठवलेल्या तुकड्यात पाचांपैकी तीन रकान्यांत काही ना काही भरतं. सॉस कमी असेल तर भाजी कमी धरली जाते, हे खरं. पण कपाचा आठवा भागसुद्धा हिशेबात येतो, आणि चौपट मोजणीमुळे तेवढ्याला पेस्टचा अर्धा मोठा चमचा पुरतो. सवलत काढली तर तोच तुकडा भाजीच्या रकान्यात जवळजवळ रिकामा पडतो आणि स्वयंपाकघराला शेजारी खरीखुरी भाजी वाढावी लागते.

ही व्यवस्था मुळात कशासाठी आहे, तेही सांगायला हवं. अमेरिकेचा शालेय भोजन कायदा १९४६ चा, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या सहीचा. दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत कुपोषणामुळे नाकारल्या गेलेल्या तरुणांची आठवण ताजी होती, आणि कायद्याच्या प्रस्तावनेतच या कामाला राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय म्हटलं आहे. त्याच वाक्यात दुसरा हेतूही आहे: देशातल्या शेतमालाचा खप वाढवणं. मुलांचं आरोग्य आणि शेतमालाची विक्री ही दोन कामं पहिल्या दिवसापासून एकाच खात्याकडे, कृषी खात्याकडे, आहेत. एकाच माणसाला दुकानदार आणि वैद्य दोन्ही केलं, तर कधीतरी त्याला निवड करावी लागणार. १९४६ नंतरचा बहुतेक झगडा त्या एका वाक्यात लपलेला आहे असं मला वाटतं.

शेतमाल शाळेपर्यंत जातो कसा, त्याचीही एक वाट आहे. कृषी खातं चीज, टोमॅटो पेस्ट, बटाटा, मांस असा माल खरेदी करून शाळांच्या नावावर टाकतं. शाळा तो कच्चा घेऊ शकते, किंवा थेट कारखान्याकडे वळवू शकते. कारखाना चीजचा पिझ्झा करतो, कोंबडीचे नगेट्स करतो आणि शाळेला फक्त प्रक्रियेचे पैसे लावतो. कित्येक शाळांच्या स्वयंपाकघरात अन्न गरम करण्यापलीकडे सोय उरलेली नाही, त्यामुळे ही वाट त्यांच्या सोयीची. पैशांचं गणितही तेच सांगतं. २०११-१२ मध्ये मोफत जेवणामागे केंद्राकडून बहुतेक शाळांना पावणेतीन डॉलरच्या आसपास परतावा मिळे आणि त्यातच अन्न, मजुरी, वीज, भांडी सगळं भागवायचं. जेवणारी मुलं रोज सुमारे ३ कोटी २० लाख. एवढं मोठं गिऱ्हाईक ज्याच्या हाती आहे, तो चमच्याच्या मापासाठी का भांडतो हे यावरून कळावं.

आता २०१० कडे येऊ. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेने शाळेच्या जेवणावर अहवाल दिला होता: भाज्या-फळं वाढवा, मीठ कमी करा, अख्ख्या धान्याचं प्रमाण वाढवा, उष्मांकाला खालची मर्यादा आहे तशी वरचीही घाला. डिसेंबर २०१० मध्ये बराक ओबामांनी ‘हेल्दी, हंगर-फ्री किड्स अ‍ॅक्ट’वर सही केली. मिशेल ओबामांनी या कामासाठी आपलं वजन लावलं होतं. नवे निकष पाळणाऱ्या शाळांना दर जेवणामागे ६ सेंट जादा मिळणार होते. कायद्याने कृषी खात्याला नियम करायला सांगितलं आणि जानेवारी २०११ मध्ये खात्याने मसुदा जाहीर केला.

त्या मसुद्यातल्या दोन गोष्टी उद्योगाला झोंबल्या. एक, बटाटा, मका, मटार, लिमा बीन्स या पिष्टमय भाज्या आठवड्याला एक कपाहून जास्त द्यायच्या नाहीत. दोन, टोमॅटो पेस्टची सवलत बंद. ती इतर भाज्यांप्रमाणे प्रत्यक्ष मापाने मोजायची. खात्याचं म्हणणं सरळ होतं: इतर फळांच्या पेस्ट आणि प्युरी आपण प्रत्यक्ष मापानेच मोजतो, मग टोमॅटोलाच वेगळी वागणूक का? याखेरीज मिठाची उतरंड होती. बारावीपर्यंतच्या मोठ्या मुलांच्या जेवणातलं सोडियम दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने निम्म्याच्या खाली आणायचं होतं.

मसुद्यावर १ लाख ३० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. लोकांना हा विषय आपला वाटला हे त्यातून दिसतं, आणि ही प्रक्रिया उघड होती हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मसुदा, मुदत, हरकती, उत्तरं, मग अंतिम नियम. कुणाला विरोध करायचा असेल तर त्याने आपलं नाव घालून कारण लिहायचं.

उद्योगाने ते केलंही. गोठवलेल्या अन्नाच्या कंपन्यांची संघटना, अमेरिकन फ्रोझन फूड इन्स्टिट्यूट, टोमॅटोच्या बाजूने उभी राहिली आणि बटाट्याच्या बाजूने नॅशनल पोटॅटो कौन्सिल. शाळांना गोठवलेला पिझ्झा पुरवणाऱ्यांत सर्वात मोठी श्वान फूड कंपनी मिनेसोटातली. त्या राज्याच्या सेनेटर एमी क्लोबुशार यांनी २०११ मध्येच कृषिमंत्री टॉम विल्सॅक यांना पत्र लिहून पेस्टची जुनी मोजणी राखण्याची मागणी केली. बटाट्यासाठी मेन राज्याच्या सेनेटर सुझन कॉलिन्स पुढे आल्या, त्यांच्या जोडीला कोलोरॅडोचे मार्क युडाल. मेन आणि कोलोरॅडो, दोन्ही राज्यांत बटाटा पिकतो. यात पक्षाची रेघ कुठे दिसत नाही: क्लोबुशार आणि युडाल डेमोक्रॅट, कॉलिन्स रिपब्लिकन. ज्याच्या राज्यात कारखाना किंवा शेत, तो त्या बाजूने. नव्या नियमांविरुद्धच्या लॉबिंगवर अन्न कंपन्यांनी ५६ लाख डॉलरहून जास्त खर्च केल्याचं त्या नोव्हेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं.

उद्योगाची बाजू इथे नीट ऐकायला हवी, कारण ती अगदी पोकळ नव्हती. पेस्टमध्ये पोटॅशियम आणि लायकोपीन (टोमॅटोचा लाल रंग देणारं द्रव्य) खरोखर एकवटलेलं असतं. सुका मेवा शाळेच्या हिशेबात दुप्पट आणि कच्ची पालेभाजी निम्मी धरतात, म्हणजे आटण्या-फुगण्याचा विचार नियमात इतरत्रही आहे. बटाट्याचंही तसंच. उकडलेला बटाटा हे गरिबाच्या मुलाचं चांगलं अन्न आहे आणि तळणीचा दोष कंदाच्या माथी मारणं बरोबर नाही. शाळांचा खर्च वाढणार हेही खरं होतं. मसुद्यातल्या बदलांना पाच वर्षांत ६.८ अब्ज डॉलर लागतील असा खात्याचाच अंदाज होता आणि ६ सेंटांत ते भागणार नव्हतं.

पण या युक्तिवादात एक भेग आहे. मूल पेस्ट नुसती खात नाही. ती मीठ घातलेल्या सॉसच्या रूपाने, चीजखाली, मैद्याच्या पावावर येते. शिवाय भाजी वाढण्याचा हेतू फक्त पोटॅशियमची बेरीज नसतो. मुलाने भाजी चावावी, तिचा रंग-चव ओळखावी, तिने पोट भरावं आणि तेवढी जागा दुसऱ्या कशाने भरू नये, हाही असतो. सॉसचा पातळ थर हे काम करत नाही. चौपट मोजणी पोषणशास्त्राच्या पुस्तकातून आलेली वाटते, पण ताटात ती भाजीला जागाच ठेवत नाही.

हे सगळं हरकतींच्या टप्प्यावर मांडून, खात्याने ऐकून, काही मान्य आणि काही अमान्य करून निकाल लागला असता तर तक्रारीला जागा नव्हती. लोकशाहीत बटाटेवाल्यालाही बोलण्याचा हक्क आहे. घडलं ते वेगळंच.

ऑक्टोबर २०११ मध्ये सेनेटने कृषी खात्याच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकात कॉलिन्स-युडाल दुरुस्ती स्वीकारली: शाळेच्या जेवणात कोणत्याही भाजीवर कमाल मर्यादा घालायला खात्याने पैसा वापरू नये. नोव्हेंबरच्या मध्यावर दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींनी बसून विधेयकाचा एकत्रित मसुदा तयार केला, तेव्हा त्यात टोमॅटो पेस्टची जुनी मोजणी राखणारी अटही होती. सोडियमच्या पुढच्या टप्प्यांआधी शास्त्रीय पुरावा पुन्हा तपासण्याची अट होती, अख्ख्या धान्याची व्याख्या करण्याची अट होती. १४ नोव्हेंबरला मसुदा लोकांसमोर आला, १७ ला मंजूर झाला, १८ ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच १८ तारखेला सरकारच्या तात्पुरत्या खर्चमंजुरीची मुदत संपत होती. विधेयक अडवणं म्हणजे सरकारी कचेऱ्या बंद पाडणं. मुलांच्या पोषणाचा कायदा राबवण्यासाठी जो सर्वात जास्त धडपडत होता, त्या ओबामांनाच ही सही करावी लागली.

ही वाट फार परिणामकारक असते. कायदा बदलायचा असता तर २०१० च्या कायद्यावर पुन्हा चर्चा, सुनावणी, मतदान करावं लागलं असतं. खर्चाच्या विधेयकात एवढंच लिहायचं की अमुक कामासाठी या पैशातला छदामही वापरायचा नाही. कायदा जागच्या जागी राहतो, फक्त त्याचा एक हात बांधला जातो. शेकडो पानांच्या विधेयकातल्या त्या परिच्छेदावर वेगळं मतदान होत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या बाजूने मत दिलं असं कुणालाच म्हणावं लागत नाही.

१९८१ ची आठवण इथे काढायला हवी. रेगन सरकारने शाळेच्या जेवणाच्या पैशांत मोठी कपात केल्यावर कृषी खात्याने खर्च वाचवण्यासाठी नियमांचा मसुदा काढला. त्यात लोणच्याच्या चटणीसारखी तोंडी लावणी भाजीत धरण्याची मुभा होती. ‘केचप म्हणजे भाजी’ असा गदारोळ उठला आणि काही आठवड्यांत मसुदा मागे घेतला गेला. लोक तेव्हाही चिडले आणि २०११ मध्येही. फरक असा की १९८१ मध्ये चूक उघड्यावर, मसुद्याच्या रूपात पडलेली होती आणि ती परत घेता आली. २०११ मध्ये लोकांना कळलं आणि विधेयक मंजूर झालं, यांत तीन दिवस होते. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या ‘मिशन: रेडिनेस’ या गटाने त्या तीन दिवसांतही आवाज उठवला: लठ्ठपणामुळे तरुण भरतीस अपात्र ठरतात, शाळेचं जेवण सुधारू द्या. १९४६ मध्ये कुपोषणाने जो धोका दाखवला, तोच सैनिक आता दुसऱ्या टोकाने दाखवत होते.

जानेवारी २०१२ मध्ये अंतिम नियम आला. पेस्टची चौपट मोजणी कायम, बटाट्यावरची मर्यादा गायब. खर्चाच्या विधेयकातली बंदी खरं तर त्या वर्षाच्या पैशापुरतीच असते. पण नियम त्याच वर्षी ठरायचा होता, त्यामुळे एका वर्षाची अट कायमची होऊन बसली. उद्योगाने वेळ अचूक साधली होती. कोलोरॅडोचे प्रतिनिधी जॅरेड पोलिस यांनी २०१२ मध्ये ही मोजणी दुरुस्त करायला विधेयक आणलं. ते पुढे सरकलंच नाही.

एवढं असूनही अंतिम नियम वाया गेला नव्हता. बातम्यांत हे फारसं आलं नाही, पण माझ्या मते प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच. खात्याने बटाट्यावर कमाल मर्यादा घालता येत नाही म्हटल्यावर इतर भाज्यांना किमान मर्यादा घातल्या. आठवड्यात गडद हिरवी भाजी एवढी हवीच, लाल-केशरी एवढी, कडधान्यं एवढी. टोमॅटो पेस्ट लाल-केशरी गटात जमा झाली तरी ब्रोकोलीच्या किंवा राजम्याच्या जागी ती चालत नाही. म्हणजे चोरवाट होती तिथेच राहिली, पण तिचं तोंड बरंच अरुंद झालं. मुलाच्या ताटात अर्धा कप फळ किंवा भाजी असल्याशिवाय ते जेवण परताव्याला पात्र नाही, हेही ठरलं. हे नियम लिहिणाऱ्या खात्यातल्या माणसांची नावं कुठे छापून येत नाहीत. त्यांनी हात बांधलेले असताना जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पहिलं वर्ष अवघड गेलं. उष्मांकाच्या वरच्या मर्यादेवर मोठी मुलं रागावली, पोट भरत नाही म्हणून त्यांनी व्हिडिओ केले. धान्य आणि मांसावरच्या साप्ताहिक कमाल मर्यादा खात्याने डिसेंबर २०१२ मध्येच सैल केल्या, आणि ते योग्य होतं. संसदेच्या लेखातपासणी यंत्रणेने नंतर नोंदवलं की २०१०-११ ते २०१२-१३ या काळात जेवणारी मुलं १२ लाखांनी, म्हणजे ३.७ टक्क्यांनी, घटली. त्यात पूर्ण पैसे देऊन जेवणारी मुलं जास्त होती. भाजी कचऱ्यात जाते ही ओरडही झाली. हार्वर्डच्या संशोधकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब वस्तीच्या चार शाळांत नियमांच्या आधी आणि नंतर ताटातलं उरलेलं अन्न मोजलं. फळ घेणारी मुलं २३ टक्क्यांनी वाढली, दर मुलामागे भाजी खाण्याचं प्रमाण १६.२ टक्क्यांनी वाढलं. टाकून दिली जाणारी भाजी खूप होती, साठ टक्क्यांच्या घरात. पण आधी ती याहूनही जास्त जात होती.

कंपन्यांनी काय केलं? त्यांनी माल बदलला. अख्ख्या गव्हाचं ५१ टक्के पीठ, कमी चरबीचं चीज, कमी मीठ, अशी शाळांसाठी वेगळी आवृत्ती. डॉमिनोजचा शाळांपुरता ‘स्मार्ट स्लाइस’ असाच. नियम कडक असेल तर कारखाना बदलतो, याचा हा पुरावा आहे. पण यातला एक धोका मला फार अस्वस्थ करतो. शाळेतला पिझ्झा सुधारलेला आणि दुकानातला त्याच नावाचा तसाच. मूल शाळेत शिकतं की हे जेवण आहे, आणि संध्याकाळी तेच नाव बघून दुसरंच काही खातं. २०२३ मध्ये क्राफ्ट हाइन्झने लंचेबल्स या पाकीटबंद तयार जेवणाचे दोन प्रकार निकषांत बसवून शाळांसाठी आणले. टीका झाली, मागणीही फारशी आली नाही, आणि पुढच्या वर्षी ते शाळांतून काढून घेतले गेले.

शाळांच्या स्वयंपाकघरांची स्वतःची संघटना, स्कूल न्यूट्रिशन असोसिएशन, २०१० च्या कायद्याच्या बाजूने होती. २०१४ पर्यंत तीच नियमांतून सूट मागू लागली. तिच्या सभासदांच्या अडचणी खऱ्या होत्या, आणि तिच्या अंदाजपत्रकाचा मोठा वाटा अन्न कंपन्यांकडून येत होता हेही तितकंच खरं. दोन्हींत कशाचं वजन जास्त पडलं ते बाहेरून कुणाला मोजता यायचं नाही. पण संघटनेच्याच १९ माजी अध्यक्षांनी संसदेला पत्र लिहून सूट देऊ नका म्हणून सांगितलं. आपल्या घरच्या माणसांविरुद्ध असं उभं राहणं सोपं नसतं.

डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा खर्चाचंच विधेयक आलं आणि पुन्हा तोच मार्ग: सोडियमचा पुढचा टप्पा थांबला, अख्ख्या धान्यातून सूट मिळाली. गरीब माता-बालकांच्या पूरक आहार योजनेत पांढरा बटाटा बसवला गेला, तोही त्याच विधेयकातून. २०१७ मध्ये कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी आणखी सैल केलं. मात्र २०१८ च्या त्यांच्या अंतिम नियमाला सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या संस्थेने न्यायालयात खेचलं आणि एप्रिल २०२० मध्ये मेरिलँडच्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. कारण बघण्यासारखं आहे: आधीच्या अंतरिम नियमात सोडियमचं शेवटचं उद्दिष्ट लांबवण्याची भाषा होती, अंतिम नियमात ते काढूनच टाकलं. लोकांना ज्यावर हरकत घ्यायची संधीच दिली नाही, ते नियमात घालता येत नाही. हेच तत्त्व संसदेच्या खर्चविधेयकाला लागू होत नाही, आणि कंपन्यांना ते चांगलं ठाऊक आहे.

शाळेच्या जेवणाची पौष्टिकता मोजायला कृषी खातं १०० पैकी गुण देतं. २००९-१० मध्ये दुपारच्या जेवणाला ५७.९ गुण होते, २०१४-१५ मध्ये ८१.५. ही वाढ पेस्टची चोरवाट उघडी असताना झाली.

२०२४ मध्ये नियम पुन्हा लिहिले गेले. वरून घातलेल्या साखरेवर पहिल्यांदाच मर्यादा आली. सोडियमच्या तीन पायऱ्या मसुद्यात होत्या. संसदेच्या सूचनेनंतर अंतिम नियमात २०२७ साठीची एकच उरली, दुपारच्या जेवणात १५ टक्क्यांची. टोमॅटो पेस्टला कुणी हात लावला नाही. शाळांनी खरेदीसाठी वापरायच्या कृषी खात्याच्या तक्त्यात आजही एक मोठा चमचा पेस्ट म्हणजे पाव कप भाजी आहे.